वीस एचपीच्या जागी चाळीस

कूलिंग टॉवरवरची मोटर जळाली की पुढे काय करायचे, हे बहुतेक कारखान्यांत आधीच ठरलेले असते. जळालेली वायंडरकडे पाठवायची आणि जमलेच तर तिच्या जागी एक साइज मोठी बसवायची. नवा टॉवर मागवतानाही हाच हिशेब चालतो. तारापूर, पाताळगंगा, लोटे, कुरकुंभ इथल्या रासायनिक कारखान्यांत, साखर कारखान्यांत, नाशिककडच्या शीतगृहांत असे टॉवर हंगामभर किंवा वर्षभर फिरत असतात, आणि मोठी मोटर म्हणजे सुरक्षित मोटर हा समज सगळीकडे सारखाच पक्का आहे. मला तो चुकीचा वाटतो, आणि केवळ वीजबिलापुरता नव्हे. मोटर किती मोठी हवी हे मोटरकडे पाहून ठरत नाही. पंख्याला किती हवा किती दाबाने ओढायची आहे, आणि उभ्या पंख्याला पूर्ण वेगात आणायला किती जोर लागणार आहे, यावर ते ठरते. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्हींची उत्तरे आकड्यांत काढता येतात, आणि ‘एक साइज मोठी’ हे त्यांपैकी एकाचेही उत्तर नाही.

आधी पहिला प्रश्न. कंडेन्सर, कॉम्प्रेसर किंवा रिअॅक्टरच्या जॅकेटमधून तापून आलेले पाणी टॉवरच्या वरच्या भागातून फिलवर, म्हणजे पाणी पातळ पसरवणाऱ्या थरांवर, पसरते, माथ्यावरचा पंखा खालून हवा वर ओढतो, थोडे पाणी वाफ होऊन उडून जाते आणि उरलेले थंड होऊन खालच्या हौदात पडते. पंख्याला विरोध होतो तो हवेच्या वाटेतल्या अडथळ्यांचा: लूव्हर, फिल, वरून पडणारी पाण्याची सर, थेंब अडवणारे एलिमिनेटर. हा दाब फार नसतो. शंभर-दीडशे पास्कल म्हणजे पाण्याच्या स्तंभाचे अवघे दहा-पंधरा मिलिमीटर. पण हवा प्रचंड असते. मध्यम आकाराचा एक टॉवर घेऊ. पंख्याचा व्यास ३.६ मीटर, हवा सेकंदाला ७० घनमीटर, आणि बाहेर फेकल्या जाणाऱ्या हवेच्या वेगाचा दाब धरून एकूण १३० पास्कल. दोन्हींचा गुणाकार ९,१०० वॅट, म्हणजे हवेला प्रत्यक्ष द्यायची शक्ती ९.१ किलोवॅट. पंख्याची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर पंख्याच्या शाफ्टवर १३ किलोवॅट लागतात. गिअरबॉक्समध्ये चारेक टक्के जातात, तेव्हा मोटरच्या शाफ्टवर लागतात साडेतेरा. बाजारात मोटरी ११, १५, १८.५, २२, ३० किलोवॅट अशा ठरलेल्या पायऱ्यांनी मिळतात. इथे १५ किलोवॅटची, दुकानाच्या भाषेत २० एचपीची मोटर बसते आणि ९० टक्के भारावर चालते.

प्रत्यक्षात याच टॉवरवर ३० किलोवॅटची, म्हणजे ४० एचपीची मोटर कशी चढते ते पाहण्यासारखे आहे, कारण त्यात कोणी एकाने मोठी चूक केलेली नसते. प्रक्रियेचा हिशेब करणारा इंजिनिअर म्हणतो, हवा दहा टक्के जास्त धरू. हे दहा टक्के निरुपद्रवी दिसतात. पण त्याच टॉवरमधून दहा टक्के जास्त हवा ओढायची तर दाब २१ टक्क्यांनी वाढतो आणि शक्ती ३३ टक्क्यांनी, कारण हवा वेगाच्या प्रमाणात वाढते, दाब वेगाच्या वर्गाच्या आणि शक्ती वेगाच्या घनाच्या. साडेतेराचे १८ किलोवॅट झाले. टॉवरवाला आपले दहा टक्के घालतो, झाले १९.८. विजेचे काम पाहणारा सल्लागार उन्हाळा आणि कमी व्होल्टेज यांसाठी पंधरा टक्के घालतो, झाले २२.८. आता २२ ची मोटर पुरत नाही आणि पुढची पायरी ३० ची आहे. प्रत्येकाने आपापल्या जागी सावधपणाच दाखवला, पण एकाने घातलेली वाढ दुसऱ्याच्या कागदावर वेगळी दिसत नाही, आणि त्या एकमेकींच्या डोक्यावर चढत जातात. टॉवर सुरू झाल्यावर पात्यांचा कोन प्रत्यक्ष गरजेएवढा ठेवला की ही मोटर ४५ टक्के भारावर फिरत राहते.

यात बिघडले काय, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे नेहमी दिले जाणारे उत्तर अर्धवट आहे. मोठी मोटर म्हणून ती दुप्पट वीज खाते असे मुळीच नाही. मोटर तेवढीच शक्ती देते जेवढी पंखा मागतो. अर्ध्या भारावर कार्यक्षमता कोसळते हेही आजच्या मोटरींना लागू पडत नाही. चार पोलच्या १५ किलोवॅटच्या आयई३ मोटरची पूर्ण भारावरची किमान कार्यक्षमता ९२.१ टक्के, ३० किलोवॅटची ९३.६. चांगल्या मोटरीत हा आलेख अर्ध्या भारापर्यंत जवळजवळ सपाट राहतो, तेव्हा मोठी मोटर अर्ध्या भारावरही लहान मोटरीच्या मागे पडेलच असे नाही. मोठ्या मोटरीविरुद्ध बोलणाऱ्यांनी हे आधी कबूल केले पाहिजे. नुकसान दुसरीकडून येते. कमी भारावर मोटर कमी घसरते. १५ किलोवॅटची मोटर या पंख्यावर मिनिटाला १,४६५ च्या आसपास फेरे घेईल, ३० किलोवॅटची १,४८७ च्या आसपास. फरक दीड टक्क्याचा, पण इथेही घनाचाच नियम लागतो आणि पंखा साडेचार टक्के जास्त शक्ती ओढतो. वर्षाला ८,००० तास चालणाऱ्या टॉवरवर हे पाच हजारांवर युनिट होतात, आणि त्यांच्या बदल्यात पाण्याचे तापमान कोणाच्या लक्षात येईल इतकेही उतरत नाही. पात्यांचा कोन किंचित कमी केला तर हे वाचतात, पण मोटर बदलल्यावर कोन पुन्हा तपासायचा असतो ही गोष्ट सहसा राहून जाते. दुसरा फटका पॉवर फॅक्टरचा. पूर्ण भाराजवळ ०.८५ च्या आसपास असलेला तो अर्ध्याहून कमी भारावर ०.७ च्या आसपास येतो. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांचे बिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे पॉवर फॅक्टर धरून मोजलेल्या युनिटवर, आकारले जाते, त्यामुळे कपॅसिटरने भरपाई केली नाही तर हा फरक थेट बिलात उतरतो.

मला सर्वांत गंभीर वाटते ते मात्र संरक्षणाचे नुकसान. १५ किलोवॅटच्या मोटरीचा पूर्ण भाराचा करंट ४१५ व्होल्टवर सुमारे २७ अँपिअर असतो. पंखा नीट चालत असताना ती साधारण २४ ओढते, आणि ओव्हरलोड रिले २७ वर लावलेला असतो. आता फिलमध्ये क्षार साचू लागले असे समजा. हवेची वाट अरुंद झाली, विरोध वाढला. अशा वेळी सेंट्रिफ्यूगल पंख्याची शक्ती सहसा घटते, पण टॉवरचा पंखा अॅक्सियल असतो आणि वाट कोंडली की त्याची शक्ती वाढते. गिअरबॉक्सचे बेअरिंग जड झाले, तेल कमी पडले, पाते स्टॅकच्या, म्हणजे पंख्याभोवतीच्या नळकांड्याच्या, भिंतीला घासू लागले, तरी करंट चढतोच. २७ चा रिले हे ओळखतो आणि मोटर थांबवतो. लोक चिडतात, पण काहीतरी बिघडले आहे हे कळते. त्याच पंख्यावर ३० किलोवॅटची मोटर असेल तर ती एरवी २८ अँपिअरच्या आसपास ओढते आणि तिचा रिले ५२ वर असतो. भार दीडपट झाला तरी मोटर विनातक्रार ओढत राहते. तो भार सोसतो गिअरबॉक्स. टॉवरचा गिअरबॉक्स निवडताना सहसा मोटरच्या दुप्पट ताकदीचा घेतात, कारण पंख्याचे धक्के, वारा, सुरू होतानाचा झटका हे सारे त्याच्या दातांवर येते. १५ च्या हिशेबाने घेतलेल्या गिअरबॉक्सवर ३० ची मोटर चढवली की ही राखीव ताकद संपली. मोटर वाचते आणि तिच्याहून महाग, मिळायला जास्त दिवस लागणारा गिअरबॉक्स जातो. रिले पंख्याच्या गरजेप्रमाणे खाली आणून लावता येतो, हे खरे. पण तो तसा लावायला पंख्याची गरज किती हे माहीत असावे लागते, आणि ते माहीत असते तर मोटर दुप्पट घेतलीच नसती.

उन्हाळ्याचा मुद्दा नेहमी पुढे येतो. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, मोटर तापणार नाही का? इथे तीन गोष्टी एकमेकींत मिसळतात आणि त्यांचे ऋतूही वेगवेगळे आहेत. टॉवर पाणी कितपत थंड करू शकतो हे हवेच्या नुसत्या तापमानावर नसते, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या थर्मामीटरच्या पाऱ्यावर असते. त्या पाऱ्याखाली पाणी जात नाही. मे महिन्यात ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना हा पारा २४ अंशांच्या आसपास असतो. जुलैत कोकणात २९ अंश तापमान आणि जवळजवळ ९० टक्के आर्द्रता असताना तो २७ च्या पुढे जातो. म्हणजे टॉवरचा सर्वांत कठीण काळ पावसाळ्याचा. पंखा सर्वांत जास्त शक्ती कधी मागतो? थंडीत. पंखा दर सेकंदाला ठरावीक घनमीटर हवा हलवतो, आणि थंड हवा जड असते. टॉवरमधून निघणारी ३६ अंशांची ओली हवा घनमीटरला १.१२ किलोच्या आसपास भरते. जानेवारीतल्या पहाटे, १२ अंशांवर, पाण्यात उष्णता नसताना टॉवर सुरू केला तर हवा १.२४ किलोची असते. शक्ती त्याच प्रमाणात अकरा टक्के वाढते आणि आपल्या उदाहरणातले साडेतेरा जेमतेम १५ वर येतात. पाणी सोडलेले नसेल तर विरोधही थोडा घटतो, पण हिशेब करताना त्यावर विसंबू नये. १५ ची मोटर इथे पुरते, आणि का पुरते हे आपल्याला ठाऊक आहे. (समुद्रसपाटीहून साडेपाचशे मीटर उंच असलेल्या पुण्यात हवाच सहाएक टक्के हलकी, त्यामुळे तोच पंखा त्याच कोनावर तारापूरपेक्षा कमी शक्ती घेतो आणि वजनाने तेवढी कमी हवाही देतो.) उन्हाळा उरतो तो मोटरच्या वायंडिंगसाठी. मोटरवर लिहिलेली शक्ती सहसा ४० अंशांच्या परिसरासाठी असते. पण एफ वर्गाचे इन्सुलेशन १५५ अंशांपर्यंत टिकते, आणि चांगल्या मोटरी बी वर्गाच्या मर्यादेत, म्हणजे परिसराहून ८० अंशांपर्यंतच तापतील अशा बनवतात. एफ वर्गाची मुभा १०५ अंशांची. मधले २५ अंश शिल्लक असतात, ५० अंशांचा परिसर त्यात सहज बसतो. खरेदीच्या कागदावर ‘एफ वर्ग, बी वर्गाची तापवाढ, परिसर ५० अंश’ एवढी ओळ लिहिली की उन्हाळ्यासाठी साइज वाढवायचे कारण उरत नाही.

आता दुसरा प्रश्न, सुरू होण्याचा. इथे मोठ्या मोटरीची बाजू खरोखर बळकट असू शकते, म्हणून तो नीट पाहिला पाहिजे. आपल्या ३.६ मीटरच्या पंख्याला फायबरची सहा पाती आहेत आणि त्याचे जडत्व ६० किलोग्रॅम-वर्गमीटर आहे असे धरू. पंखा मिनिटाला ३०० फेरे घेतो. पात्याचे टोक तेव्हा सेकंदाला ५६ मीटरने जात असते, आणि आवाज व पात्यावरचा ताण पाहता साठीच्या पुढे सहसा जात नाहीत. मोटर त्याच्या जवळजवळ पाचपट वेगाने फिरते. गिअरबॉक्समधून हे जडत्व मोटरकडून पाहिले तर गुणोत्तराच्या वर्गाने कमी होते, ६० चे अडीचच्या आसपास. १५ किलोवॅटची मोटर डीओएल स्टार्टरवर, म्हणजे थेट लाइनवर, हा पंखा तीन-चार सेकंदांत पूर्ण वेगात आणते. म्हणजे इथेही मोठ्या मोटरीची गरज नाही. उलट या पंख्याला चालताना मोटरच्या शाफ्टवर ८८ न्यूटन-मीटर पुरतात, आणि ३० किलोवॅटची मोटर वेग घेताना ४९० च्या आसपासचा झटका देऊ शकते. स्वतःच्या रोटरचे जडत्व नगण्य असल्याने तो जवळजवळ सगळा गिअरच्या दातांवर आणि कपलिंगवर जातो, दर सुरुवातीला. थेट जोडलेल्या, जाड पत्र्याच्या सेंट्रिफ्यूगल ब्लोअरचे प्रकरण वेगळे. तिथे गिअर नाही, जडत्व जसेच्या तसे मोटरवर येते. रोटरमध्ये सुरू होताना जी उष्णता तयार होते ती निदान त्या फिरत्या वस्तुमानात साठलेल्या ऊर्जेइतकी असते, मोटर कोणतीही असो. जड ब्लोअरला वेगात यायला वीस-तीस सेकंद लागले तर ही उष्णता मुरवायला रोटरमध्ये पुरेसा धातू हवा, आणि तिथे चालतानाच्या गरजेपेक्षा मोठी मोटर घेणे हाच बरोबर निर्णय असू शकतो. फरक एवढाच की तो जडत्वाचा आकडा मागवून, सुरू व्हायचा वेळ काढून घ्यावा. स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर आणखी सावध राहावे. स्टारमध्ये टॉर्क एक तृतीयांश होतो, पंख्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढत जातो, आणि दोन्ही सारखे झाले की पंखा ऐंशी-नव्वद टक्के वेगावर अडकतो. मग डेल्टावर जाताना तोच झटका बसतो जो टाळायला स्टार-डेल्टा बसवला होता.

‘पण आमची मोटर खरोखर जळाली होती.’ जळाली असेल, ती का जळाली हे पाहिल्याशिवाय साइज वाढवू नये एवढेच म्हणणे आहे. टॉवरच्या मोटरी ओल्या हवेत काम करतात. टर्मिनल बॉक्समधून पाणी शिरणे, बेअरिंगचे ग्रीस धुऊन जाणे, एक फेज गेल्यावर उरलेल्या दोनवर चालत राहणे, थोड्या वेळात पुन:पुन्हा सुरू करणे, ही नेहमीची कारणे. त्यांतल्या एकालाही मोठी मोटर हा उपाय नाही. आणखी एक कारण दुर्लक्षित राहते. शेजारशेजारच्या सेलपैकी, म्हणजे टॉवरच्या स्वतंत्र पंख्याच्या कप्प्यांपैकी, एक बंद असला की दुसऱ्याच्या ओढीने किंवा वाऱ्याने बंद पंखा उलटा फिरू लागतो. त्याच अवस्थेत बटण दाबले तर मोटरला आधी त्याला थांबवावे लागते, मग सुलट फिरवावे लागते. पूर्ण वेगाने उलट फिरणारा पंखा सुलट पूर्ण वेगात आणताना रोटरमधली उष्णता उभ्या पंख्याच्या चौपट होते. वाऱ्याने तेवढा वेग येत नाही, तरी वाढ लक्षणीय असते. याला उलट फिरणे रोखणारा क्लच किंवा ब्रेक हा उपाय. कमी व्होल्टेजची तक्रार खरी आहे. व्होल्टेज दहा टक्के पडले की टॉर्क ८१ टक्क्यांवर येतो आणि तीच शक्ती द्यायला करंट चढतो. पण त्यासाठी दहा-पंधरा टक्क्यांची एक मोकळीक पुरते, आणि ती साखळीत एकदाच, एकाच माणसाने द्यावी. पुढे क्षमता वाढवायची आहे म्हणून आजच मोठी घेऊ, हा युक्तिवाद घनाच्या नियमापुढे टिकत नाही. दहा टक्के जास्त हवेसाठी तेहतीस टक्के शक्ती लागणार असेल तर आधी चांगले फिल, पात्यांचे टोक आणि स्टॅकची भिंत यांतली फट, हलकी आणि नीट आकाराची पाती यांवर खर्च केलेला पैसा जास्त पाणी थंड करतो.

हे सारे मोजून पाहता येते. नेमप्लेटवरचे १५ किलोवॅट ही मोटरने शाफ्टवर द्यायची शक्ती आहे, विजेची मागणी नव्हे. पूर्ण भारावर ती लाइनमधून १६.३ घेते. नुसत्या क्लॅम्प मीटरवर भार ओळखायला जाऊ नये, कारण मोटर रिकामी फिरतानाही चुंबकत्वासाठी करंट घेते आणि अर्ध्या भारावर करंट अर्धा होत नाही. करंट, व्होल्टेज आणि पॉवर फॅक्टर एकदम दाखवणारा मीटर लावावा, किलोवॅट वाचावे, कार्यक्षमतेने गुणावे आणि शाफ्टवरची शक्ती काढावी. पात्यांचा कोन बदलताना हाच आकडा पाहावा. अनेक ठिकाणी नेमप्लेटचा करंट येईपर्यंत कोन वाढवत नेतात, मोटर भरली म्हणजे हवा भरली असे समजून. पण एका मर्यादेपुढे हवा पात्याला धरून राहत नाही, करंट चढतो आणि हवा चढत नाही. दुप्पट मोटर बसवलेल्या टॉवरवर हा धोका जास्त, कारण कोन मर्यादेच्या किती पुढे गेला हे रिले सांगत नाही.

मोटर नेमकी बसली की तिच्यावर व्हीएफडी, म्हणजे वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, लावणे खरे फायद्याचे ठरते. वेग ८० टक्के केला की शक्ती ५१ टक्क्यांवर येते. दोन सेलच्या टॉवरवर एक पंखा पूर्ण वेगाने चालवण्याऐवजी दोन्ही अर्ध्या वेगाने चालवले तर हवा तेवढीच आणि शक्ती चौथाई, फक्त गिअरबॉक्सला कमी वेगात तेल पोचते का हे बनवणाऱ्याकडून विचारून घ्यावे. थंडीतल्या पहाटेचा जादा भारही व्हीएफडीच उतरवतो: करंटची मर्यादा घातली की पंखा आपोआप दोन-चार टक्के हळू होतो, आणि त्या वेळी टॉवरला त्या हवेची गरजही नसते. वरची मर्यादा मात्र ५० हर्ट्झवर कुलूप लावून ठेवावी. ५५ वर नेले की तेच तेहतीस टक्के परत येतात, मोटरवर, गिअरबॉक्सवर आणि पात्यांच्या मुळाशी असलेल्या बोल्टांवर.